बंद पडलेल्या संगणकाची साक्ष



२२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर शहर भूकंपाने हादरले. घरे कोसळली, माणसे दगावली. मदनमहालच्या टेकडीवरील तोललेली शिला मात्र जागची हलली नाही. पडझड झाली ती जमिनीवर. तिचे मूळ मात्र सुमारे ३५ किलोमीटर खोल, नर्मदेच्या खोऱ्याखालील जुन्या भ्रंशात होते. ते कोणीही डोळ्यांनी पाहिले नाही. दूरदूरच्या भूकंपमापकांवर उमटलेल्या रेषांवरून शास्त्रज्ञांनी ते गणिताने शोधून काढले. मोठ्या संगणकावर चाललेली आज्ञावली अकस्मात बंद पडते, तेव्हा कारण शोधणाऱ्यापुढे याच जातीचा प्रश्न उभा राहतो.

आपल्या देशात या विद्येचे धडे फार लवकर गिरविले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामास लागला. त्याची स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची होती. १९६४ मध्ये तेथेच सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला आणि बाहेरच्या संस्थांची गणितेही त्यावर होऊ लागली. त्या काळी छिद्रपत्रांचा गठ्ठा संगणक-कक्षात द्यावयाचा आणि छापील निकालाची वाट पाहावयाची, अशी रीत होती. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा नव्याने रांग धरावी लागे. अशा परिस्थितीत तर्क हेच मुख्य हत्यार होते.

आज्ञावली कोसळली की संगणक आपल्या स्मृतीतील मजकूर जसाच्या तसा कागदावर छापून देई. यालाच ‘डंप’ म्हणत. आयबीएमच्या १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० या मालिकेत हा मजकूर सोळांच्या आधारावरील अंकांत असे. सोबत एक सांकेतिक क्रमांक येई. ‘०सी७’ आला, तर जेथे संख्या हवी तेथे भलतेच काही, बहुधा रिकामी जागा, सापडली असे समजावे. यंत्र कोणत्या आज्ञेपाशी थांबले त्याचा पत्ताही मिळे. त्यातून आज्ञावलीच्या आरंभीचा पत्ता वजा केला की मूळ लिखाणातील नेमकी ओळ हाती येई.

परंतु ज्या ओळीपाशी यंत्र थांबले ती ओळ अपराधी असतेच असे नाही. एखाद्या कारखान्याच्या पगारपत्रकाचे उदाहरण घेऊ. आज्ञावलीत हजार कामगारांसाठी हजार जागा राखल्या आहेत. भरती होते आणि एक हजार एकावा कामगार येतो. त्याची नोंद शेजारच्या जागेत घुसते आणि तेथील मजकूर पुसला जातो. त्या मजकुराची गरज पुष्कळ वेळाने, भलत्याच ओळीला पडते व यंत्र तेथे थांबते. शोध घेण्यासाठी कोणी मध्ये छपाईची एखादी आज्ञा घातली, तर स्मृतीतील जागा सरकतात, नोंद निरुपद्रवी कोपऱ्यात जाऊन पडते आणि दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. तो गेलेला नसतो, लपलेला असतो. इकडे पगाराचा दिवस उजाडतो आणि हजार घरांतील चुली त्या कागदाकडे डोळे लावून बसतात. म्हणूनच दोष ‘आपोआप बरा झाला’ यावर जाणत्याने कधी समाधान मानू नये.

याहून विलक्षण गोष्ट पुढे उघडकीस आली. काही संगणकांच्या स्मृतीत एखादा शून्य एक होई, वा एकाचा शून्य होई. तीच जागा पुन्हा तपासली तर ठणठणीत! १९७८ मध्ये टिमोथी मे आणि मरे वुड्स या अभियंत्यांनी दाखवून दिले की, स्मृतीच्या चकत्यांवरील आवरणात युरेनियम व थोरियम यांचे अत्यल्प अंश होते. त्यांतून निघणारे अल्फा कण चकतीतील सूक्ष्म विद्युत्‌भार बदलून टाकीत. आज्ञावली निर्दोष, यंत्र निर्दोष; दोष होता तो मातीच्या गुणात.

यावरील उपायाची वाट मात्र आधीच सापडलेली होती. बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांची गणिते सुटीच्या दिवसांत, यंत्रापाशी कोणी नसताना चालत. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढच्या कामास लागे. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा त्यांचा प्रश्न होता. १९५० मध्ये त्यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. संख्येसोबत काही जादा अंक ठेवले की त्यांच्या साहाय्याने चुकलेला एक अंक ओळखता येतो व सुधारताही येतो.

भूकंप टाळता येत नाही, पण त्याला तोंड देणारी घरे बांधता येतात. संगणकाचेही तसेच आहे. आपल्या हातून चूक होणारच, हे आधी मान्य करून जो बांधणी करतो, त्याचेच काम टिकते. आणि यंत्र कोसळलेच, तर कोणाला दोष देण्याची घाई न करता त्याने मागे ठेवलेली साक्ष शांतपणे, शेवटच्या अंकापर्यंत वाचावी.