प्रमुख कोणाला करावे?

शिरूर-दौंड भागातील सेवाभावी मंडळांपुढे एक प्रश्न वारंवार येतो : प्रमुख उत्साही तरुण असावा की जुनाजाणता? १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची पुनर्घटना झाली, तेव्हा दलप्रमुखपद आले याच जिल्ह्यात, जुन्नरला जन्मलेल्या एस. एम. जोशींकडे. वय अवघे ३६. परंतु पाठीशी सत्याग्रह, तुरुंगवास आणि १९३४ पासूनचे काँग्रेस समाजवादी पक्षाचे काम होते. अनुभव वयाने नव्हे, झिजण्याने मोजावा. बिनपगारी स्वयंसेवक हुकमाने टिकत नाही, विश्वासाने टिकतो. नुसता उत्साह वर्षभरात ओसरतो; नुसता अनुभव खुर्चीला चिकटतो. म्हणून तरुणाच्या हाती आधी हिशेबाची वही द्यावी, मग अध्यक्षपद. आणि ज्येष्ठांनी मुदत संपताच पुन्हा सतरंज्या उचलायला यावे.