झाकणाखालचा आकडा

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला बोलायला वीस मिनिटं दिली आहेत. मी पंधरात आटोपतो. जाहिरातवाला वेळेआधी थांबला, ही या मेळाव्याची आठवण म्हणून तुमच्याकडे राहू दे.

गेली तीस वर्षं मी मुंबईत जो धंदा करतो, तो आईला कधी नीट समजावून सांगता आला नाही. जाहिरात म्हटली की लोकांना टीव्ही आठवतो. आमचं काम वेगळं. लोकांनी नुसतं बघून सोडून देऊ नये, काहीतरी करावं: झाकण उघडावं, कूपन कापावं, पत्र टाकावं, मिस्ड कॉल द्यावा. अशा जाहिराती आम्ही रचतो.

आजचा विषय मी निवडलेला नाही, शाळा समितीवर असलेल्या आपल्या वर्गमित्राने दिला. शाळेकडे एका कंपनीचा प्रस्ताव आला आहे. पाण्याची नवी टाकी आणि हात धुण्यासाठी नळांची रांग कंपनी बांधून देणार. बदल्यात वर्षभर मुलांसाठी 'आरोग्य उपक्रम' चालवणार. त्यात स्पर्धा आहेत, बक्षिसं आहेत, आणि प्रत्येक मुलाने घरी जाऊन पालकांच्या मोबाइलवरून एक कोड स्कॅन करायचा आहे. मित्र म्हणाला, "तू या धंद्यातला. हो म्हणायचं की नाही, ते सांग." ते समितीनेच ठरवावं. हा माल आतून कसा बनतो, ते मी दाखवतो.

तसे आपण सगळेच या खेळातले जुने खेळाडू. टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारे प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी आठवतात ना? नवं खोकं लवकर यावं म्हणून ब्रशवर दुप्पट पेस्ट घेणारे दोघेतिघे समोरच बसले आहेत. नावं घेत नाही, शेजारी सुना बसल्या आहेत.

त्याच्याही आधीची, आपल्या आईवडिलांच्या काळातली गोष्ट सांगतो. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावून घेतलं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे एक कार्यक्रम सुरू झाला, बिनाका गीतमाला. पैसे टूथपेस्ट बनवणाऱ्या सिबा कंपनीचे, आवाज अमीन सयानींचा. श्रोत्यांनी पत्रं पाठवायची होती, आणि पत्रांचे ढीगच्या ढीग आले. पुढे लोक कोणतं गाणं कितव्या 'पायदान'वर येणार यावर पैजा लावू लागले. यात कंपनीला काय मिळालं? घराघरात पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जाणारं नाव. श्रोत्याला काय मिळालं? दुसरीकडे न मिळणारी गाणी. व्यवहार सरळ होता, कारण पैसे कोणाचे हे कार्यक्रमाच्या नावातच लिहिलेलं होतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न असा, की नाव उघड आहे का?

ते लपवलं की काय होतं, याचं आमच्या धंद्यातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९२९ सालचं आहे. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ईस्टरच्या रविवारी लोक नटूनथटून फिरायला निघत. त्या दिवशी काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. त्या काळी बायकांनी चारचौघांत सिगारेट ओढणं असभ्य मानत. वर्तमानपत्रांतून बातम्या झळकल्या. सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटलं गेलं. ही सगळी मांडणी एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धीतज्ज्ञाची होती आणि त्याला पैसे देत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. कंपनीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. बायकांची बरोबरीची मागणी खरी होती, न्याय्य होती. तिच्या आडून तंबाखू विकला गेला. आमच्या धंद्यात अजूनही हे हुशारीचं उदाहरण म्हणून शिकवतात. मला त्यात हुशारी दिसते, तशी चोरीही दिसते.

आपल्याकडे आलेल्या प्रस्तावावर मोठ्या अक्षरांत 'आरोग्य उपक्रम' लिहिलं आहे आणि वस्तूचं नाव चौथ्या पानावर आहे. ते पहिल्या पानावर आणायला सांगा. जाहिरात असणं हा गुन्हा नाही. तिने जाहिरात म्हणून समोर यावं, एवढंच.

दुसरा प्रश्न असा, की दिलेला शब्द पुरा होईल का?

हा भाग खास गणिताच्या सरांसाठी. १९९२ साली फिलिपिन्समध्ये पेप्सीने बाटल्यांच्या झाकणांखाली तीन आकडी क्रमांक छापले. टीव्हीवर विजेता क्रमांक जाहीर व्हायचा. सर्वांत मोठं बक्षीस दहा लाख पेसोंचं होतं. देशभर लोक झाकणं जमवू लागले, खप वाढला. मग २५ मेच्या रात्री बातम्यांमध्ये आकडा आला ३४९. दहा लाखांची बक्षिसं मोजकीच ठेवलेली होती, पण चुकून हाच क्रमांक सुमारे आठ लाख झाकणांवर छापला गेला होता. सर, आठ लाख गुणिले दहा लाख म्हणजे ऐंशी हजार कोटी पेसो होतात. कुठली कंपनी देणार?

कंपनीने सांगितलं की या झाकणांवर खरा सुरक्षा-संकेत नाही, म्हणून बक्षीस नाही. सदिच्छा म्हणून झाकणामागे पाचशे पेसो देऊ केले. काही लाख लोकांनी ते घेतले. बाकीचे रस्त्यावर उतरले. कंपनीचे ट्रक जाळले गेले, बॉम्ब फेकले गेले, त्यात माणसं गेली. खटले वर्षानुवर्षं चालले आणि २००६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दायित्वातून मोकळं केलं. कायद्याने प्रकरण संपलं. पण झाकण मुठीत धरून ज्याने रात्रभर घराचा, मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मांडला असेल, त्याला तो निकाल कळेल, पटणार नाही.

एवढं मोठं काही आपल्या शाळेत होणार नाही. पण पाचवीतल्या मुलाला सायकल आणि पेन्सिलबॉक्स यांचं वजन दहा लाखांइतकंच असतं. बक्षिसं किती, निवड कोण करणार, कशावर करणार, कोणत्या तारखेला देणार, हे लेखी घ्या. 'आकर्षक बक्षिसे' हा शब्द मी स्वतः प्रस्तावांत कित्येकदा वाचला आहे. बक्षीस नक्की कोणतं हे ठरलेलं नसतं, तेव्हा तो वापरतात.

तिसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडून काय घेतलं जातंय?

२०१३च्या अलाहाबादच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयने एक युक्ती केली. तिथल्या शंभराहून जास्त स्वयंपाकघरांत गरम शिक्क्याने पोळ्यांवर एक वाक्य उमटवलं. हात लाइफबॉयने धुतलेत का, असा साधा प्रश्न. असे सुमारे पंचवीस लाख शिक्के मारले. शाई नव्हती, नुसता भाजल्याचा डाग. मला ही जाहिरात मनापासून आवडते. बरोबर घास घ्यायच्या क्षणी विचारलेला प्रश्न, साबणाचं नाव त्यातच, आणि यात्रेकरूकडून क्षणभराच्या नजरेपलीकडे काही घेतलं नाही. पोळीबरोबर जाहिरातही पोटात गेली, विषय संपला.

त्याच कंपनीने, म्हणजे हिंदुस्तान युनिलिव्हरने, बिहार-झारखंडमध्ये जिथे वीज आणि टीव्ही धड पोचत नव्हते अशा भागासाठी 'कान खजूरा टेसन' नावाची सेवा काढली. मिस्ड कॉल द्यायचा, कंपनी उलट फोन करणार आणि गाणी, विनोद ऐकवणार, मध्ये मध्ये जाहिराती. ऐकणाऱ्याचा एक पैसा खर्च नाही. २०१४ साली कान महोत्सवात तिला सुवर्णपदकं मिळाली. ही गीतमालेचीच नात. पण एक फरक लक्षात घ्या. गीतमालेला पत्र गेलं की ते ढिगात पडायचं. मिस्ड कॉल दिला की नंबर राहतो.

आता आपला कोड. तो स्कॅन केला की पुढे मुलाचं नाव, इयत्ता, जन्मतारीख आणि पालकांचा नंबर मागतील. साबणाची वडी एकदा विकली जाते. असा नंबर पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतो, आधी साबणाला, मग क्लासला, मग विम्याला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे, आणि मुलांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. अन्नपदार्थांबाबत २०२०चे एफएसएसएआयचे नियमही आहेत. जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. उद्या चॉकलेटवाला आला, तर हे पाठ असू द्या.

बाई, तुम्ही मघाशी म्हणालात की नळ खरोखर हवे आहेत, मधल्या सुट्टीत मुलींची रांग पार पायऱ्यांपर्यंत जाते. ते मी हलक्यात घेत नाही. तत्त्वाच्या गप्पा मारून मी संध्याकाळच्या गाडीने जाणार, रांगेत उभ्या राहणार त्या मुली.

म्हणूनच आमच्या धंद्यातली एक आतली गोष्ट सांगतो. कंपनी शाळेत का येते? भिंत तर रस्त्यावरही मिळते. शाळेत जे मिळतं ते कुठेही विकत मिळत नाही, ते म्हणजे बाईंचा शब्द. मुलं कंपनीचं ऐकत नाहीत. बाईंनी सांगितलं म्हणून घरी जाऊन आईच्या मागे लागतात, आणि बाईंनी सांगितलं म्हटल्यावर आईही फोन पुढे करते. आपणही तेच केलं होतं. त्या शब्दावर आपण पाढे पाठ केले, लस टोचून घेतली, अल्पबचतीच्या डब्यात चाराणे टाकले. कंपनी नळांचे पैसे देते आहे आणि बदल्यात तो शब्द भाड्याने मागते आहे. भाडं पुरेसं आहे का, एवढंच समितीने बघायचं.

माझं मत विचाराल तर नळ घ्या. वर कंपनीचं नाव ठसठशीत लिहू द्या, आभारही जाहीर माना. स्पर्धा नियम लेखी आले तर होऊ द्या. कोड काढायला सांगा. घाबरू नका, प्रस्तावातली पहिली मागणी ही कधीच शेवटची मागणी नसते. असे प्रस्ताव मीच लिहितो, मला माहीत आहे. कोड नाही तर नळ नाही, असं कंपनी म्हणाली, तर तिला नळांत नव्हे, नंबरांत रस होता हे कळेल. मग आपण आज इथे सव्वाशे जण जमलो आहोत. टाकीचा अंदाजखर्च काढा आणि माझं नाव यादीत पहिलं लिहा.

तीन प्रश्न एका कागदावर लिहून बाईंकडे दिले आहेत. समितीची बैठक चार वाजता आहे.