टेम्पो कुठे रिकामा होतो?

तीन वर्षांपूर्वी मी घरची मोरी नव्याने बांधून घेतली. जुन्या लाद्या, विटांचे तुकडे, सिमेंट, सगळा ढीग दारात. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, चारशे द्या, आत्ता उचलतो." मी दिले. कुठे टाकणार, हे काही विचारलं नाही.

पुढे आमच्या बचत गटातल्या एका कोळीणमावशींनी मला वस्तीमागे ठाणे खाडीच्या काठी नेलं. राडारोड्यात अर्धी गाडलेली तिवराची झाडं वाळून उभी होती. ढिगात निळ्या फुलांच्या लाद्या दिसल्या. माझ्याच होत्या असं नाही म्हणत, पण अगदी तशाच.

चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं दाखवत मावशी म्हणाल्या, "हे तिवराचं नाक, पोरी." खरंच आहे ते. खाडीच्या गाळात हवा जवळजवळ नसते, म्हणून ही मुळं वर येऊन श्वास घेतात. भरतीचं पाणी चढतं तसं उतरतं. राडारोडा उतरत नाही. झाड गुदमरतं. एरवी तिवर फार चिवट! जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. पान उलटं करून जिभेला लावलं तर खारट लागतं.

शेजारी पांढरी चिपी होती. २०२० पासून ती महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. तिची फुलं रात्री उमलतात, आपल्याला सकाळी चिखलावर पडलेले पांढरे तंतू तेवढे दिसतात.

खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. पाहुणे आले की आपण त्यांना रोहित पक्षी दाखवायला नेतो. मावशींचा हिशेब मात्र निवट्या, चिंबोऱ्या आणि कोळंबीचा. त्यांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात. मावशींची टोपली त्यावरच भरते.

आता आमच्या गटात घरदुरुस्तीसाठी कर्ज मागितलं की आम्ही विचारतो, राडारोडा कुठे जाणार? दोघीजणी रागावल्या. त्यांचंही चूक नाही. रीतसर ठिकाणी पाठवायचा तर पैसे जास्त पडतात, चार दिवस थांबावं लागतं. म्हणून तो खर्च आम्ही कर्जातच धरतो. मागच्या महिन्यात अशी पहिली गाडी गेली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि पूर्ण रिकामी होईपर्यंत खाली उभी राहिले.