ताटकळणारे मूल आणि हातातील मोबाईल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधूवर-सूचक मंडळ असे भारदस्त विषय बाजूस ठेवून दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या हातातील मोबाईलविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असे काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात आले असेल. आमचे उत्तर एवढेच की, जी गोष्ट आपल्या प्रत्येक कुटुंबात आठवड्यातून चार वेळा घडते, तिला क्षुल्लक म्हणता येणार नाही.

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात क्रमांक लागण्यास तास जातो. स्थानकावर एस. टी. वेळेवर येत नाही. मंगल कार्यालयात पहिली पंगत उठेपर्यंत दुसऱ्या पंगतीची मंडळी ताटकळतात. मोठ्या माणसास घड्याळ कळते, म्हणून 'अजून दहा मिनिटे' या शब्दांचा त्यास आधार असतो. दोन वर्षांच्या मुलास दहा मिनिटे आणि दोन प्रहर यांतील भेद ठाऊक नसतो. ते चुळबुळ करते, मग रडू लागते आणि आसपासच्या माना वळतात. अशा वेळी आईने पर्समधून मोबाईल काढून चित्रांचे एखादे ॲप लावून दिले की क्षणार्धात शांतता पसरते. मग दुसऱ्या खेपेस मूल रडण्यापूर्वीच मोबाईल निघतो, आणि तिसऱ्या खेपेस मूलच पर्सची साखळी ओढू लागते.

या आईस दोन्हीकडून बोल लागतो. मूल रडले तर 'हिला मूल सांभाळता येत नाही', आणि मोबाईल दिला तर 'आजकालच्या आयांना कष्ट नकोत'. आम्हांस हे दोन्ही शेरे अन्यायाचे वाटतात. पूर्वी दवाखान्यात मुलाबरोबर आजी असे, काकू असे, कधी शेजारीणही असे. मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जाई. कोणी चिऊ-काऊची गोष्ट सांगे, कोणी चाव्यांचा जुडगा वाजवी. आज तिघांचे कुटुंब ठाण्यास, आजी-आजोबा गावी आणि आत्या परदेशी. आईच्या एका हातात फाईल व दुसऱ्या हातात मूल. जी मांडी रिकामी झाली, तिची जागा मोबाईलने घेतली आहे. या प्रश्नाचे मूळ आम्हांस येथे दिसते.

स्पर्शाने चालणारा आयफोन २००७ साली आणि आयपॅड २०१० साली बाजारात आला, व ज्यास अक्षरही येत नाही त्याच्या बोटालाही पडदा वश झाला. दूरदर्शन संच घरी ठेवून बाहेर पडावे लागे. हा पडदा पदराबरोबर सर्वत्र येतो. याविषयी जाणत्यांचे मत स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, दोन वर्षांखालील मुलांस पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. त्याहून कमी असेल तर उत्तमच. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्लाही याच स्वरूपाचा आहे. मात्र दोन वर्षांखालील मुलासाठी तिने एक सवलत ठेवली आहे : नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल. या सवलतीतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. तेथे पडद्यापलीकडे जिवंत माणूस असते. मूल हसले की आजी हसते, मुलाने हात हलविला की आजोबा हात हलवितात. ॲपमधील चित्र मुलाकडे पाहत नाही.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ च्या अखेरीस तीन ते पाच वर्षांच्या मुलांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांस शांत करण्यासाठी वारंवार मोबाईल दिला जाई, त्यांच्यापैकी काहींत, विशेषतः मुलग्यांत आणि मूळच्या तापट मुलांत, पुढील महिन्यांत चिडखोरपणा अधिक आढळला. एका अभ्यासावरून अंतिम निर्णय करू नये. परंतु त्याचा बोध व्यवहारास धरून आहे. वाट पाहणे हाही एक धडा आहे, आणि तो वाट पाहूनच शिकता येतो. कंटाळा आला, रडू फुटू लागले, कोणी जवळ घेतले आणि मन शांत झाले, असे पुष्कळदा घडले म्हणजे मूल स्वतःस सावरण्यास शिकते. प्रत्येक वेळी मधेच चित्र पुढे आले तर हा धडा अपुरा राहतो.

म्हणून मोबाईल सर्वस्वी वर्ज्य करावा, असे आम्ही म्हणत नाही. टोचणी होऊन मूल विव्हळत आहे, किंवा रेल्वेच्या लांब प्रवासात सारे उपाय थकले आहेत, अशा वेळी आईने मोबाईल दिला तर तिला दोष देण्याचे कारण नाही. परंतु तो शेवटचा उपाय असावा, आणि काही पथ्ये पाळावीत. ॲप आधी घरी स्वतः पाहून निवडावे. एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी, कारण मूल गुंतते ते तिच्यामुळेच. आयफोनमध्ये 'गाइडेड ॲक्सेस' आणि पुष्कळशा अँड्रॉइड मोबाईलमध्ये ॲप पिन करण्याची व्यवस्था असते. तिच्या योगे मूल एकाच ॲपमध्ये राहते. आवाज शेजाऱ्यास त्रास न होईल इतका हळू ठेवावा. मुलास मिनिटे सांगू नयेत. 'दोन गाणी झाली की मोबाईल पर्समध्ये' असे सांगावे व तसेच करावे. आणि शेजारी बसून 'हत्ती कुठे गेला?' असे विचारीत राहावे.

त्याआधी मुलाच्या हातांस काही द्यावे. श्रीमती ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. हाताला मनाजोगे काम मिळाले की लहान मूल आपण होऊन शांत व एकाग्र होते, हे त्यांच्या बालमंदिरांनी दाखवून दिले. पुण्यातील श्री. अरविंद गुप्ता यांनी जुने वर्तमानपत्र, आगपेटीच्या काड्या, टाकाऊ डबे यांतून असंख्य खेळणी तयार केली. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. दवाखान्यास निघताना पिशवीत मळलेल्या कणकेचा लहानसा गोळा, झाकणाची डबी, घडी घालण्यास रुमाल आणि जाड पानांचे एक चित्रपुस्तक असावे. रुमालाचा उंदीर करण्यास पैसा लागत नाही.

आता वडीलधाऱ्यांस एक विनंती. रांगेत एखादे मूल रडू लागले की त्याच्या आईकडे कपाळास आठ्या घालून पाहू नका. 'बाई, तुम्ही कागदपत्रे पाहा, आम्ही याला खिडकीतून गाड्या दाखवितो,' असे विचारून पाहा. आईची संमती घ्यावी, मूल तिच्या दृष्टीआड नेऊ नये. पण हात पुढे करावा. मंडळाच्या कार्यकारिणीसही आमची सूचना आहे. पुढील संमेलनात आणि सभागृहात होणाऱ्या कार्यांत एक कोपरा सतरंजी घालून लहानग्यांसाठी राखावा, तेथे लाकडी ठोकळे व चित्रपुस्तके असावीत, आणि ज्येष्ठ भगिनींनी पाळीपाळीने तासभर बसावे. यास निधी फार लागणार नाही.

एकट्या मनुष्यास जे पेलत नाही ते सर्वांनी मिळून पेलावे, याचसाठी आपल्या पूर्वजांनी ज्ञातिसंस्था उभारल्या. गरीब विद्यार्थ्यास त्यांनी वसतिगृह दिले. आज आपल्यातील तरुण मातापित्यांस घटकाभर एक मांडी हवी आहे. ती देण्याइतके आपण अद्याप समर्थ आहोत, असा आमचा विश्वास आहे.