दुरुस्ती कुणाची, भुर्दंड कुणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१२ मे २०१७ च्या शुक्रवारी दुपारी इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांतील संगणकांच्या पडद्यांवर एकच तांबडी चौकट झळकू लागली. तुमचे सर्व कागद कुलूपबंद केले आहेत. तीनशे डॉलर भरा, नाहीतर ते कायमचे गेले, अशा अर्थाचा मजकूर तीत होता. ॲन्युरिन बेव्हन यांनी १९४८ साली उभी केलेली ही आरोग्यसेवा म्हणजे जगभरच्या समाजवाद्यांच्या अभिमानाचा विषय. तिच्या इंग्लंडमधील २३६ ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टना या हल्ल्याची झळ लागली. पाच ठिकाणी अपघात विभागात येणारे रुग्ण दुसरीकडे वळवावे लागले. सुमारे एकोणीस हजार रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज पुढे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दिला. ‘वॉनाक्राय’ हे त्या हल्ल्याचे नाव. तो थांबला तोही काहीसा योगायोगानेच. मार्कस हचिन्स नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने त्या कार्यक्रमात दडलेला एक पत्ता स्वतःच्या नावे नोंदवला आणि त्याचा प्रसार खुंटला.

या घटनेतील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र तिच्या आधीची आहे. ज्या छिद्रातून हा हल्ला आत शिरला, त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध करून दिले होते. आरोग्यसेवेच्या संगणक विभागाने १७ मार्चला आणि २८ एप्रिलला रुग्णालयांना तसे इशारेही दिले होते. ठिगळ होते, इशारा होता. ते लावले गेले नव्हते, एवढेच.

सर्व्हर म्हणजे काय, हे आज फारसे समजावून सांगावे लागत नाही. रास्त भावाच्या दुकानापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या आणि हात हलवीत परतलेल्या म्हातारीलाही ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द पाठ झाले आहेत. सर्व्हर म्हणजे अनेकांचे सामायिक दप्तर सांभाळणारा संगणक. त्याला चालविणाऱ्या आज्ञावलीत चुका राहतातच, कारण ती माणसांनीच लिहिलेली असते. चूक उघडकीस आली की कर्ता दुरुस्ती पाठवितो. तिलाच ‘पॅच’ म्हणतात. परंतु या ठिगळाचा एक विलक्षण गुणधर्म आहे. ते जाहीर होते त्याच दिवशी भोकही जाहीर होते. ठिगळ उलगडून पाहणाऱ्या जाणकार चोराला भिंत नेमकी कोठे पोखरलेली आहे, हे तत्काळ कळते. म्हणून ठिगळ न लावलेला सर्व्हर काल होता तेवढाच धोक्यात राहत नाही. त्याचा धोका दिवसागणिक वाढत जातो.

माहितीच्या सुरक्षिततेची तीन तत्त्वे सर्वत्र मानली जातात. जे ज्याने पाहावयाचे ते त्यानेच पाहावे, ही गोपनीयता. नोंद जशी केली तशीच राहावी, अधिकाराविना कोणी तीत फेरफार करू नये, ही अखंडता. आणि गरजेच्या वेळी ती हाती यावी, ही उपलब्धता. वॉनाक्रायने यांपैकी उपलब्धतेवर घाव घातला. गोपनीयतेची कहाणी त्याच आठवड्यात, अटलांटिकच्या पलीकडे सुरू झाली, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती अधिक उद्बोधक आहे.

इक्विफॅक्स ही अमेरिकेतील पत-माहिती कंपनी. भारतातही ती हा व्यवसाय करते. आपल्याकडे कर्ज मागायला गेलेल्या माणसाचा ‘सिबिल’ पाहतात, त्याच जातीचे हे काम. तिच्या एका संकेतस्थळाची उभारणी ‘अपाची स्ट्रट्स’ या आज्ञावलीवर झालेली होती. तीतील गंभीर दोषाची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. ९ मार्चला कंपनीअंतर्गत आदेश निघाला की, अठ्ठेचाळीस तासांत ठिगळ लावा. ते लागले नाही. तपासणी करणाऱ्या यंत्रालाही ते भोक दिसले नाही. १३ मे रोजी, म्हणजे इंग्लंडमधील त्या शुक्रवारच्या दुसऱ्याच दिवशी, चोरांनी माहिती उपसण्यास प्रारंभ केला आणि जुलैअखेरपर्यंत ते निवांतपणे आत वावरत राहिले. बाहेर जाणाऱ्या माहितीवर पहारा ठेवणारी यंत्रणा होती, परंतु तिच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिने आधीच संपलेली होती. २९ जुलैला ते नवे केले, तेव्हा संशयास्पद वर्दळ लगेच दिसून आली. सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक तोवर गेलेले होते.

आता प्रश्न असा की, ही माणसे या कंपनीची कोण लागत होती? ग्राहक नव्हती. ग्राहक बँका होत्या. नागरिक हा येथे केवळ कच्चा माल. त्याने कंपनी निवडलेली नव्हती, आणि तिच्या निष्काळजीपणाला कंटाळून दुसरीकडे जाण्याची सोयही त्याला नव्हती. बाजारपेठ बेफिकीर विक्रेत्याला शिक्षा करते, हा पाठ्यपुस्तकी सिद्धान्त येथे लागू पडावा तरी कसा? दुरुस्तीवर न केलेला खर्च कंपनीच्या नफ्यात जमा होतो. तिच्या अभावाने होणारे नुकसान मात्र तिच्या ताळेबंदाबाहेर, लक्षावधी अनोळखी घरांत वाटले जाते. गिरणीने आपले सांडपाणी नदीत सोडावे, तसाच हा व्यवहार आहे.

२०१९ मध्ये तडजोड झाली. कंपनीने एकूण सत्तर कोटी डॉलरपर्यंत रक्कम द्यावी, असे ठरले. पीडितांना रोख १२५ डॉलर मिळू शकतील, असे सांगण्यात आले. पण त्यासाठीचा निधी होता अवघा ३ कोटी १० लाख डॉलरचा. सर्व पीडितांनी हात पुढे केला असता, तर माणशी २१ सेंट पदरात पडले असते. आणि दोष कुणाचा? कंपनीचे माजी प्रमुख २०१७ च्या ऑक्टोबरात अमेरिकन काँग्रेसपुढे म्हणाले, तो तंत्रविभागातील एका माणसाचा. त्याने योग्य ठिकाणी निरोप पोहोचविला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही रीत कामगार चळवळीतील माणसांना नवी नाही. सत्तरच्या दशकातल्या जुनाट यंत्रणेवर अब्जावधींचा व्यवसाय चालवावयाचा, संस्थेत कोणती आज्ञावली कोठे बसविली आहे याची पुरती यादीही ठेवावयाची नाही, आणि शेवटी एका कर्मचाऱ्याकडे बोट दाखवावयाचे! प्रतिनिधीगृहाच्या समितीने मात्र डिसेंबर २०१८ च्या अहवालात ही चोरी पूर्णतः टाळता येण्याजोगी होती, असे नोंदविले.

येथे कोणी म्हणेल, ज्याने ठिगळ लावले नाही त्याने भोगावे; सावधांनी काळजी का करावी? २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये उसळलेल्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्याने याचे उत्तर दिले. एखाद्या जाळ्यातील एकच दुरुस्त न केलेला संगणक त्याला पुरे होई. तेथून तो परवलीचे शब्द चोरी आणि त्यांच्या बळावर ठिगळ लावलेल्या शेजारी संगणकांतही शिरे. स्वतःचे घर नीट शाकारून भागत नाही. शेजारच्या घराचे छप्पर पेटले तर ठिणगी येतेच. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभारावे लागले. तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा-शेवा येथील टर्मिनलचे काम विस्कळीत झाले आणि मालाची हाताळणी यंत्रणेवाचून, हाताने करण्याची पाळी आली. युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीपासून सुरू झालेली आग उरणच्या किनाऱ्याला लागली, ती अशी.

या हल्ल्यातही खंडणीची चौकट दाखविली होती. पण पैसे भरून नोंदी परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. उद्देश नासधुशीचा होता. अखंडतेचा असा उघड भंग निदान दिसतो तरी. न दिसणारा भंग अधिक भयंकर. महाराष्ट्रात सातबारा आता डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो आणि ही सुधारणा स्वागतार्ह आहे, कारण तलाठ्याच्या दारातील हेलपाटे तिने कमी केले. परंतु डिजिटल स्वाक्षरी ही दिलेल्या उताऱ्यात मागाहून बदल झाला नाही, एवढीच ग्वाही देते. मूळ सर्व्हरमधील नोंदच कोणी आधी फिरविली, तर ती स्वाक्षरी त्या खोट्यावरच मोहोर उठवील. असे घडल्याचा आरोप येथे करावयाचा नाही. दुरुस्तीची उपेक्षा शेवटी कोठवर पोहोचू शकते, एवढेच दाखवावयाचे आहे. कागदी दप्तरात खाडाखोड दिसे, शाई ओळखू येई. कुळाच्या हक्कासाठी लढलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना त्या खाडाखोडीचे मोल ठाऊक आहे.

अर्थात, ठिगळ हाती आले की डोळे मिटून लावावे, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्याची वेळ आली. रुग्णालयातील तपासणी यंत्र त्याच्या उत्पादकाच्या संमतीवाचून बदलता येत नाही, हीही खरी अडचण आहे. म्हणून दुरुस्ती आधी पडताळून पाहावी लागते, तिच्यासाठी वेगळा संगणक लागतो, रात्रपाळी लागते, आणि मुख्य म्हणजे यंत्रणा ओळखणारी, टिकून राहिलेली माणसे लागतात. दर अकरा महिन्यांनी बदलणारा कंत्राटी मुलगा हे कसे करणार? नव्या प्रणालीच्या उद्घाटनाला मंत्री येतात, कोनशिला बसते. ठिगळ लावण्याच्या कामाची फीत कोणी कापत नाही. इंग्लंडच्या आरोग्यसेवेतही काटकसरीच्या वर्षांत भांडवली तरतुदीतील पैसा दैनंदिन खर्चाकडे वळविला जात होता.

राज्यसंस्थेचा दोष याहून खोल आहे. वॉनाक्रायने वापरलेले छिद्र अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून ठाऊक होते. शस्त्र म्हणून वापरण्यासाठी तिने ते झाकून ठेवले आणि शेवटी ते शस्त्रच चोरीला गेले. भारतात २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा सुरक्षेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठरवितो. तो दंड जाणार कोठे? भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली, त्याला भरपाई मागता यावी अशी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ‘४३-अ’ या कलमाने केलेली तरतूद वगळण्याची व्यवस्थाही हाच कायदा करतो. शिवाय सरकारी यंत्रणांना त्याच्या कक्षेतून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवलेला आहे.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर खंडणीखोरांनी बंद पाडले आणि देशभरातून आलेल्या गोरगरीब रुग्णांची नोंदणी दिवसेंदिवस हाताने करावी लागली. पाच सर्व्हर बाधित झाले आणि जाळ्याची विभागणी सदोष होती, अशी माहिती संसदेत देण्यात आली. इंग्लंडमध्ये लेखापरीक्षकांनी साडेपाच महिन्यांत, कोणी कोणता इशारा केव्हा दुर्लक्षिला हे सांगणारा अहवाल जनतेपुढे ठेवला होता. आपल्याकडे अशा घटनांची नोंद घेणारी ‘सर्ट-इन’ ही संस्था नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता तिला नागरिकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे बंधनकारक उरले नाही.

नगरपालिका, जिल्हा परिषद, सहकारी बँक आणि सरकारी रुग्णालय यांना मात्र प्रश्न विचारण्याचा मार्ग खुला आहे. संगणक प्रणालीच्या खरेदीवर किती खर्च झाला, हे सभागृहात सर्वच विचारतात. देखभालीचे स्वतंत्र शीर्ष अंदाजपत्रकात आहे काय. ठेकेदाराचा करार संपल्यानंतर ठिगळे लावण्याची जबाबदारी कुणाची. शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली. नोंदींची प्रत जाळ्यापासून वेगळी ठेवलेली आहे काय, आणि ती कधी उघडून पाहिली होती काय, हे प्रश्न येत्या अंदाजपत्रकी सभांत विचारावयाचे आहेत. उत्तर लेखी मागावे.