परिचर्येचे व्रत आणि नोंदवहीतील सत्य

(परिचर्या महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या दीपप्रज्वलन व शपथग्रहण समारंभात एका निवृत्त प्राचार्यांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



थोड्या वेळापूर्वी या सभागृहातील दिवे मालवले गेले आणि तुमच्या हातांतील ज्योती उजळल्या. त्या वेळी मागच्या रांगेतील एका मातेने पदराने डोळे टिपले, ते मी पाहिले. त्या पाण्यात कौतुक होते आणि धाकधूकही होती. आपल्या लेकीने निवडलेला मार्ग सोपा नाही, हे मातेला ठाऊक असते.

तुम्ही आता जी शपथ उच्चारली, तिला फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आहे. परंतु ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील एका परिचर्या विद्यालयासाठी ती रचली गेली आणि नाइटिंगेल यांच्या गौरवार्थ तिला त्यांचे नाव दिले गेले. हे मुद्दाम सांगते. आजचा विषय प्रामाणिकतेचा आहे, आणि ज्याचे श्रेय त्याला देणे ही प्रामाणिकतेची पहिली पायरी आहे. ती शपथेपासूनच चढावी, हे बरे.

उपस्थात्याचे चार गुण

आधुनिक परिचर्येचे शिक्षण १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने सुरू झाले, हा इतिहास आहे आणि तो आपण कृतज्ञतेने स्वीकारला पाहिजे. मात्र परिचर्येचा विचार आपल्या भूमीला नवा नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. यातील उपस्थाता म्हणजे परिचारक. वैद्याच्या मागे हात बांधून उभा राहणारा नोकर, असे त्याचे स्थान नाही. चिकित्सा ज्या चार पायांवर उभी राहते, त्यातील तो एक पाय आहे. तो मोडला, तर उरलेल्या तिघांचा तोल जातो.

या उपस्थात्याच्या ठायी चार गुण अपेक्षिले आहेत : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच. त्यांचा क्रम विचार करण्यासारखा आहे. आपण सेवाभाव, ममता, त्याग यांविषयी व्यासपीठावरून पुष्कळ बोलतो. पण चरकाने ममतेच्या आधी ज्ञान ठेवले. ज्ञानावाचून असलेली ममता रुग्णाच्या उशाशी बसून अश्रू ढाळील. त्याचा श्वास का वाढला, हे तिला कळणार नाही. आणि चौथा गुण शौच. शौच म्हणजे हातांची स्वच्छता, हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. हात धुतलेले असावेत, तशी नोंदही निर्मळ असावी. हे शौच मला कसे शिकावे लागले, ते आज तुमच्यासमोर सांगणार आहे.

न मोजलेली नाडी

मी द्वितीय वर्षाला होते. शस्त्रक्रिया विभागात रात्रपाळी होती. वॉर्ड भरलेला, कामाला दोन हात कमी, आणि दर चार तासांनी प्रत्येक रुग्णाचे तापमान, नाडी व श्वसन मोजून तक्त्यावर लिहावयाचे. पहाटे दोनच्या फेरीत मी थकले होते. कोपऱ्यातील खाटेवर पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी शांत झोपलेल्या दिसल्या. आधीचे आकडे चांगले होते. मी तापमान ९८.४ आणि नाडी ८० असे अंदाजाने लिहिले आणि पुढे गेले.

पहाटे पाचला सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी आजींच्या कपाळावर हात ठेवला आणि त्या थबकल्या. अंग तापलेले होते, नाडी १२० च्या वर होती. जखमेत जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांना बोलावले गेले, उपचार सुरू झाले. सिस्टर रुग्णांसमोर मला एक शब्द बोलल्या नाहीत. सर्व आटोपल्यावर त्यांनी मला टेबलाजवळ नेले, तक्ता समोर ठेवला आणि म्हणाल्या, “खोडू नकोस. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मार. शेजारी लिही : मोजले नाही. आणि सही कर.”

मी रडू लागले. हे मेट्रनपर्यंत जाईल, माझे वर्ष जाईल, असे विनवू लागले. त्यावर त्या म्हणाल्या, “पोरी, डॉक्टर रात्री झोपायला गेला तो तुझ्या कागदावर विश्वास ठेवून. तो कागदच खोटा असेल, तर या वॉर्डात जागं कोण होतं?”

मी सही केली. मला शिक्षा झाली, आणि ती योग्य होती. आजी काही आठवड्यांनी बऱ्या होऊन घरी गेल्या. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्या पहाटे काय घडले, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नाही. नोंदवहीत सत्य लिहिण्याचे धैर्य मला सिस्टरांनी दिले, पण आजींच्या तोंडावर ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. तो आशीर्वाद मी आजही ऋण म्हणून वाहते आहे.

नाइटिंगेल यांची ओळख आपण ‘हाती दिवा घेतलेली स्त्री’ अशी करून देतो. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावतात, हे त्यांनी आकडेवारी मांडून सरकारच्या गळी उतरवले. आकृत्या काढून मृत्यूची कारणे दाखवणाऱ्या त्या संख्याशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्या हातातील दिव्याइतकीच त्यांची वहीही महत्त्वाची होती. त्या वहीतील आकडे अंदाजाने लिहिलेले असते, तर रुग्णालयांच्या स्वच्छतेचा तो लढा उभाच राहिला नसता.

वर्गातील नक्कल, वॉर्डातील परिणाम

तुम्ही म्हणाल, वॉर्डातील नोंद ही गंभीर बाब खरी. पण केस बुक उतरवून काढले, मैत्रिणीचा नर्सिंग केअर प्लॅन नाव बदलून दिला, तर कुणाचे काय बिघडते? एक साधे उदाहरण देते. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपीत बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि काही प्रकारांत १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. रुग्णाला २० युनिट द्यावयाचे आहेत. कुणी ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध घेतले, तर रुग्णाला मिळतील केवळ ८ युनिट. उलट १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजने घेतले, तर जातील ५० युनिट, म्हणजे अडीचपट. पहिल्या चुकीत साखर चढेल. दुसऱ्या चुकीत रुग्ण बेशुद्ध होईल, कदाचित प्राणासही मुकेल. हे गणित प्रथम वर्षाच्या वहीत असते. ज्या मुलीने ते शेजारणीच्या वहीतून उतरवले, तिच्या वहीत उत्तर बरोबर आहे, गुणही पूर्ण आहेत. वॉर्डात मात्र शेजारीण बरोबर नसते.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, हे औषध देण्याचे पाच नियम तुम्ही पाठ कराल. परीक्षेत ते लिहिणे सोपे आहे. पहाटे चार वाजता, कुणीही पाहत नसताना, प्रत्येक खाटेपाशी ते पाचही पाळणे म्हणजे व्रत. आणि कुणी पाहत नसताना योग्य ते करण्याची सवय परीक्षागृहात आणि वहीच्या पानावरच लागते. तिथे जी मोडली, ती वॉर्डात आपोआप जुळून येत नाही.

आता संगणकाला विचारले, तर क्षणात सुबक भाषेतील केअर प्लॅन तयार मिळतो. नवे साधन वापरूच नका, असे मी म्हणणार नाही. संकल्पना समजून घेण्यासाठी त्याची मदत जरूर घ्या, आणि घेतली हे शिक्षकांना मोकळेपणाने सांगा. पण त्या यंत्राने तुमच्या खाटेवरील आजोबांना पाहिलेले नाही. ते रात्री कुशीवर का वळत नाहीत, जेवणाचे ताट तसेच का परत जाते, हे तुम्हालाच विचारावे लागेल. ज्या प्लॅनमध्ये तो माणूस नाही, तो प्लॅन कितीही सुबक असला, तरी असत्यच.

आम्हा शिक्षकांचा दोष

बोटे केवळ विद्यार्थ्यांकडे दाखवून मी मोकळी होणार नाही. आठवड्याभरात डोंगराएवढे लिखाण मागणारे आणि वर्षाअखेरीस एका दुपारी सर्व वह्यांवर सह्या करणारे आम्हीच. न वाचलेल्या वहीवरील शिक्षकाची सही आणि न मोजलेली नाडी यांत फरक कोणता? प्रात्यक्षिकाची हजेरी कागदावर पूर्ण करून देणारी संस्था विद्यार्थ्याला पहिला धडा असत्याचाच देते. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने नर्सिंग महाविद्यालयांची सीबीआय चौकशी झाली; आणि २०२४ साली त्या तपासातील अधिकाऱ्यांनाच लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. तपासणाराच विकला जाऊ लागला, तर रुग्णाने कुणाच्या भरवशावर डोळे मिटावेत? हा प्रश्न एका राज्याचा नाही. राष्ट्राच्या चारित्र्याचा आहे, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या सहीपाशी येऊन थांबतो.

ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत

या व्यवसायाकडे आपल्या समाजाने दीर्घकाळ तुच्छतेने पाहिले. परक्याचे मलमूत्र काढणे, कोणत्याही जातीच्या देहाला स्पर्श करणे हे कमीपणाचे मानले गेले. आपण मागे राहिलो, तेव्हा मिशनरी भगिनींनी हे काम केले, हेही प्रांजळपणे मान्य करावे. पण या भेदाच्या भिंती ओलांडणाऱ्या थोर स्त्रिया आपल्याकडेही झाल्या. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. १८९९ मध्ये कलकत्त्यात प्लेग पसरला, तेव्हा भगिनी निवेदितांनी स्वतः हाती झाडू घेतला. पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदनाच्या माध्यमातून स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले. समाजाची टीका सोसून दिले.

आणि अगदी आपल्या काळातील, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका. १९७३ साली त्यांची सहकारी अरुणा शानबाग अमानुष अत्याचाराला बळी पडली आणि कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. ज्यांनी तिला कधी हिंडता-फिरताना पाहिले नव्हते, त्यांनीही केली. इतक्या वर्षांत तिला शय्याव्रण होऊ दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. शय्याव्रण न होणे म्हणजे काय, हे तुम्हाला लवकरच कळेल. दिवसा आणि रात्री, ठरलेल्या वेळी, तो देह कुशीवर वळवावा लागतो, पाठ पुसून कोरडी ठेवावी लागते. त्यातील एखादी पाळी चुकवून ‘कूस बदलली’ असे लिहिणे किती सोपे होते! रुग्ण तक्रार करू शकत नव्हती. त्यांनी चुकवली नाही. माझ्या दृष्टीने परिचर्येच्या नीतिशास्त्रावरील याहून मोठा ग्रंथ नाही.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आला आहे. कायदा व्यवसायाला प्रतिष्ठेची चौकट देऊ शकतो. त्या चौकटीत प्राण मात्र तुम्हीच भरायचा आहे.

म्हणून जाताना एकच मागणे मागते. तुमच्या हातून चुका होतील, माझ्या झाल्या. त्या दिवशी पांढऱ्या शाईचा शोध घेऊ नका. खालचे वाचता येईल अशी एक रेघ मारा, शेजारी सत्य लिहा आणि सही करा. शक्य झाले, तर ज्या रुग्णाच्या बाबतीत चूक झाली, त्यालाही ते सांगण्याचे धैर्य बाळगा. ते मला साधले नाही. तुम्हाला साधावे, एवढीच त्या आजींच्या स्मरणाने ईश्वराजवळ प्रार्थना करते आणि थांबते.