वाटणयंत्राची दुरुस्ती
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. सभेत बोलण्याची सवय नाही. पण दुरुस्तीचा हिशेब मीच द्यावा असे चिटणीसबाई म्हणाल्या, म्हणून उभी आहे.

चैत्रात कुरडयांचे काम आले होते. २५ किलो गहू भिजत घातलेले, तिसरा दिवस, आणि वाटणयंत्र घरघर करून जागीच थांबले. आंबलेले गहू काही थांबत नाहीत. घरोघरचे मिक्सर आणि पाटे गोळा करून आपण रात्री चीक काढला. हाताला आलेले फोड ज्यांचे त्यांना ठाऊक!

वायरमनने यंत्र खोलून गंजलेले बेअरिंग हातात दिले. यंत्र सांगलीहून घेतलेले, म्हणून ते फडक्यात गुंडाळून मी आणि माझ्या जाऊबाई साताऱ्याहून एस.टी.ने सांगलीस गेलो. दुकानदार म्हणाले, "हे यंत्र आता निघत नाही. मोडीत घाला, नवे घ्या." नव्याला पैसे घातले तर वाटणाला येणाऱ्या भगिनींची मजुरी कशातून द्यायची?

स्टँडकडे परतताना शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री दिसले. त्यांनी बेअरिंग डिझेलने पुसले, तशी कडेवर आकडा उमटला: ६२०४. म्हणाले, "ताई, हा आकडा जगभर एकच. शेवटच्या ०४ ला पाचाने गुणा. आतले भोक २० मिलिमीटर. बाहेरून ४७, जाडी १४. पुष्कळ मोटारींत हेच असते. तुमच्या साताऱ्यातच मिळेल." (०३ ला हा गुणाकार चालत नाही, ते १७ चे असते.) आणि खरेच, पोवई नाक्यावर मिळाले! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण बिघाडाचे मूळ बेअरिंगात नव्हते. त्याच्या वरचे रबरी सील झिजून चिकाचे पाणी आत झिरपले होते. सील तेच ठेवले असते तर नवे बेअरिंगही गंजले असते. यंत्र धुताना त्यावर नळी सोडायची सवय माझीच, हे कबूल करते. आता ओल्या फडक्याने पुसायचे.

पट्ट्यावरही आकडा असतो. आपल्या पट्ट्यावर 'ए ३४' आहे. ए म्हणजे पट्ट्याची जात, ३४ म्हणजे आतला घेर, इंचांत. घासून पुसायच्या आत तो मी कपाटाच्या दारावर आतून लिहिला आहे.

पावत्या वहीत चिकटवल्या आहेत. एक जादा सील हळदीच्या बरणीशेजारच्या डब्यात आहे. तो डबा बांगड्या ठेवायला कृपा करून कोणी नेऊ नये.